विंचवाचे बिऱ्हाड, वैशाखाचे ऊन

बदलीची ऑर्डर आणि वैशाखाचे ऊन यांचे नाते काय, हे बँकेत, रेल्वेत किंवा सरकारी खात्यात हयात घालवलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. मुलांच्या परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये आटोपतात, नवी शाळा जूनमध्ये उघडते आणि मधल्या फटीत घर हलवायचे असते. म्हणजे ज्या दिवसांत शहाणा माणूस दुपारी बारा ते चार उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, नेमक्या त्याच दिवसांत आपण सारा संसार पत्र्याच्या खोक्यात भरून सहाशे-सातशे किलोमीटर पाठवून देतो. माझ्या अकरा बदल्या झाल्या. त्यांतल्या आठ एप्रिल ते जून या काळातल्या. त्यामुळे या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला कादंबऱ्यांनी नव्हे, ट्रकच्या बिल्ट्यांनी दिलेला आहे.

पूर्वीच्या संसाराला उन्हाची फारशी भीती नव्हती. तांब्या-पितळेची भांडी, लोखंडी ट्रंका, लाकडी पलंग, गोधड्या, पाटा-वरवंटा. लोणच्याची बरणी आणि तुपाचा डबा सोडला, तर उन्हाने बिघडेल असे ट्रकमध्ये काही नसे. जपायचे असे ते आरसा आणि देवघर. आज एखाद्या मध्यमवर्गीय घराची यादी करून पाहा. दूरदर्शन संच, लॅपटॉप, तीन-चार मोबाइल, जुने दोन बंद पडलेले मोबाइल, कॅमेरा, हार्ड डिस्क, राउटर, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी, प्रिंटर, पॉवर बँक, मुलांचे खेळाचे यंत्र, आजोबांचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र, दाराशी उभी असलेली विजेवरची स्कूटर. शिवाय माळ्यावर जुना टेपरेकॉर्डर आणि कॅसेटींचे खोके असतेच. पाटा-वरवंट्याच्या जागी आलेल्या या वस्तूंना ऊन कळते, आणि त्यांतल्या काहींना ते माणसापेक्षा लवकर बाधते.

आता ऊन म्हणजे किती, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. वर्तमानपत्रात ‘नागपूर ४५ अंश’ असे छापून येते, तेव्हा तो आकडा उन्हाचा नसतो, सावलीचा असतो. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार-पाच फूट उंच, पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. हवा खेळती राहावी पण सूर्याचा किरण आत येऊ नये, अशी तिची रचना. स्टीव्हन्सन नावाच्या ज्या स्कॉटिश अभियंत्याचे नाव या पेटीला आहे, त्याचाच मुलगा ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा कादंबरीकार. राजस्थानातल्या फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली, तीसुद्धा अशीच सावलीतली. तुमचा टीव्ही मात्र त्या लाकडी पेटीतून प्रवास करत नाही. तो पत्र्याच्या बंद डब्यातून जातो. दिवसभर उन्हात तापलेल्या त्या छताला आतून हात लावून पाहा. हात टिकत नाही. आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा-वीस अंशांनी सहज चढते. बाहेर ४४ असेल, तर छतालगतच्या खोक्याला साठीचा सामना करावा लागतो.

आणि हा सामना तास-दोन तासांचा नसतो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण खुला झाला, तेव्हापासून अंतर कमी झाल्यासारखे वाटते खरे. पण बिऱ्हाडाचा ट्रक अंतरावर चालत नाही, भरतीवर चालतो. तुमचे सामान अर्ध्या ट्रकचे असेल, तर उरलेल्या अर्ध्यासाठी दुसरे गिऱ्हाईक मिळेपर्यंत ते गोदामात किंवा गोदामासमोरच्या मैदानात उभे असते. चालणाऱ्या ट्रकला निदान वारा लागतो. उभ्या ट्रकला फक्त ऊन. म्हणून पहिला प्रश्न ‘भाडे किती’ हा नसून ‘गाडी मध्ये कुठे आणि किती वेळ उभी राहणार’ हा असावा. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर काय समजायचे ते समजावे.

ज्यांनी १९८० च्या दशकात बँकेत नोकरी केली, त्यांना यंत्र आणि गारवा यांचे नाते पाठ आहे. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि बँकांच्या मोठ्या शाखांमधून यंत्रे दिसू लागली. शाखेत मॅनेजरच्या डोक्यावर पंखा, आणि काचेच्या खोलीतल्या संगणकाला वातानुकूलन! चपला बाहेर काढून आत जायचे. एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत काहीतरी काम काढून जाण्याची सगळ्यांनाच हौस. आमचा एक शिपाई म्हणायचा, ‘साहेब, या नोकरीत माणूस होण्यापेक्षा मशीन झालो असतो तर बरं होतं.’ त्या काळच्या यंत्राला गारवा लागे, तो ते चालू असताना स्वतःच भट्टीसारखे तापत असे म्हणून. हा भेद आजही महत्त्वाचा आहे. चालू यंत्र आणि बंद यंत्र यांची उष्णता सोसण्याची ताकद सारखी नसते. आयफोनच्या माहितीपत्रकात वापरताना ० ते ३५ अंश आणि बंद ठेवताना उणे २० ते ४५ अंश अशा दोन निरनिराळ्या मर्यादा दिलेल्या असतात. संगणकातल्या फिरत्या हार्ड डिस्कला चालू असताना साधारण ६० आणि बंद असताना ७० अंशांपर्यंत चालते. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. बंद केलेली, नीट बांधलेली बहुतेक यंत्रे दोन दिवसांचा उन्हाळी प्रवास सोसतात. ज्या थोड्या वस्तू सोसत नाहीत, त्या ओळखून वेगळ्या काढणे एवढेच आपले काम.

उष्णता यंत्रात नेमके करते काय? स्वान्ते अऱ्हेनियस नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उष्णतेने रासायनिक क्रिया किती वेगाने वाढते याचे गणित मांडले. पुढे १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या सूत्रावरून अभियंत्यांनी एक ढोबळ आडाखा बांधला आहे : तापमान दहा अंशांनी वाढले की भागाचे आयुष्य निम्मे होते. टीव्हीच्या आणि इन्व्हर्टरच्या पोटात कपॅसिटर नावाची नळकांडी असतात, त्यांच्यात द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. अशी नळकांडी दोन दिवसांत मरत नाहीत, पण म्हातारी होतात. घर हलवल्यावर सहा महिन्यांनी टीव्ही बंद पडतो आणि आपण नव्या गावच्या विजेला दोष देतो. गंमत म्हणजे याच अऱ्हेनियसने १८९६ साली हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचाही हिशेब केला होता. म्हणजे आपले यंत्र का बिघडते आणि आपला मे महिना का चढत चाललाय, या दोन्ही प्रश्नांवर एकाच माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी बोट ठेवले होते.

पडद्याची गोष्ट निराळी आहे. फ्रीड्रिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला १८८८ साली असा एक पदार्थ आढळला, जो दोनदा वितळतो. आधी गढूळ द्रव होतो, आणखी तापवला की नितळ. त्या मधल्या गढूळ अवस्थेवर आजचे बहुतेक पडदे उभे आहेत. फार तापले की पडद्यातला हा द्रव आपली शिस्त सोडतो आणि पडदा काळा पडतो. निवला की बहुधा पुन्हा ताळ्यावर येतो. तेव्हा तापलेल्या पडद्यावर डाग दिसला म्हणून लगेच दुकानदाराला बोलावू नये; आधी पडद्याला निवू द्यावे. पडद्याचा खरा शत्रू दाब. टीव्ही आडवा ठेवून त्यावर गाद्या रचणे म्हणजे काचेच्या पापडावर पोळपाट ठेवण्यासारखे आहे. तो उभाच न्यावा, आणि मूळ खोके व थर्मोकोल असेल तर त्यातच न्यावा. थर्मोकोल धक्का जसा अडवतो, तशी उष्णताही अडवतो. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीचे खोके रद्दीवाल्याला देण्याआधी नोकरी बदलीची आहे का, याचा विचार करावा.

सर्वांत नाजूक जात बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणली, आणि ती घडवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्यामुळे यंत्रे खिशात मावू लागली. पण पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता ही जोडी वाईट. भरलेल्या बॅटरीत रासायनिक ताण अधिक असतो, उष्णता तो वाढवते. बॅटरीची ताकद कायमची घटते, ती फुगते, आणि आधीच इजा झालेली असेल तर पेटूही शकते. विमानाने मालवाहतुकीत सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या पाठवायच्या तर त्या तीस टक्क्यांहून अधिक भरलेल्या नसाव्यात, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१६ पासून आहे, तो उगाच नाही. घर हलवतानाही तोच धडा घ्यावा. लॅपटॉप, कॅमेरा, स्कूटर यांच्या बॅटऱ्या साधारण अर्ध्या भरलेल्या असाव्यात. आणि फुगलेला जुना मोबाइल असेल, तर तो नव्या घरी नेण्याची माया मुळीच करू नये. तो ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.

इथे एक घोटाळा हमखास होतो. इन्व्हर्टरची बॅटरी या जातीची नसते. ती बहुधा शिसे आणि आम्ल यांची असते, आणि तिचा नियम नेमका उलटा. ती अर्धवट भरलेली पडून राहिली की खराब होते, म्हणून तिला पूर्ण भरून न्यावे. मात्र उभी ठेवावी, तिची टोके झाकावीत, आणि ती टीव्हीच्या किंवा कपड्यांच्या शेजारी कधीच ठेवू नये. एकीला अर्धपोटी न्यायचे आणि दुसरीला जेवू घालून न्यायचे, एवढे लक्षात ठेवले की पुरे. रिमोट, घड्याळे आणि खेळणी यांतले साधे सेल काढून ठेवावेत, कारण उष्णतेत ते गळतात आणि गळलेला सेल आतले टोक खाऊन टाकतो. प्रिंटरमधल्या शाईच्या डब्यांचेही तसेच.

आता ट्रक कसा भरायचा. या बाबतीत आधुनिक पुस्तकापेक्षा आपले जुने वाडे अधिक शिकवतात. वाड्यात सर्वांत गार खोली कोणती? माजघर. त्याला चारी बाजूंनी दुसऱ्या खोल्यांचे आणि जाड भिंतींचे कवच असते. बाहेरची दुपार तिथे पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. ट्रकमध्ये असेच माजघर बांधावे. पुस्तकांची खोकी, कपड्यांच्या ट्रंका, धान्याच्या गोण्या या जड वस्तूंच्या भिंती, गाद्या-रजयांचा आडोसा, आणि मधोमध, तळापासून थोडे वर, यंत्रांची खोकी. दिवसाची उष्णता आत शिरायला वेळ लागतो, तेवढ्यात रात्र होते आणि भिंती निवू लागतात. छतालगत यंत्र कधीच नको, कारण गरम हवा वर साठते आणि पत्र्याची धग थेट लागते. सामानाच्या माथ्यावर एक पांढरी चादर किंवा चकचकीत फॉइलचे आवरण घालावे, आणि छत व सामान यांत वीतभर पोकळी सोडावी. हमालांना हे आधी सांगावे लागते. त्यांची रीत जड खाली आणि हलके वर अशी असते, आणि लॅपटॉप-राउटरचे खोके हलके म्हणून बरोबर छताला जाऊन टेकते.

खोकी भरायची वेळही महत्त्वाची. गादी उष्णतेला आत येऊ देत नाही, तशीच आत असलेली बाहेरही जाऊ देत नाही. दुपारी दोन वाजता तापलेला टीव्ही रजईत गुंडाळला, तर ती रजई नसून ते शेगडीवरचे झाकण होते. म्हणून यंत्रे आदल्या दिवशी बंद करावीत, रात्री निवू द्यावीत आणि पहाटे बांधावीत. ट्रक शक्य तर संध्याकाळी निघेल असा ठरवावा. काही लोक माठाची आठवण ठेवून खोक्याभोवती ओले गोणपाट गुंडाळतात, काही बर्फाच्या पिशव्या ठेवतात. हे दोन्ही यंत्राच्या बाबतीत टाळावे. माठाला पाझरणे शोभते, टीव्हीला नाही.

सगळ्यांचा एक गोड गैरसमज असा, की नाजूक वस्तू आपल्या मोटारीत ठेवल्या म्हणजे काम झाले. मोटारीत गारवा असतो तो बसण्याच्या जागी. बहुतेक गाड्यांची डिकी त्या गारव्यापासून तुटलेली असते. आणि जेवायला धाब्यावर थांबलो की काय होते? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीचे तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढले होते, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. ही पाहणी गाडीत राहिलेल्या लहान मुलांच्या काळजीपोटी झाली होती, हे विसरू नये. यंत्राच्या बाबतीत शहाणपण एवढेच, की लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि पॉवर बँक यांची एक पिशवी करावी, ती पायाशी सावलीत ठेवावी, आणि आपण उतरलो की तीही खांद्याला लावून उतरावी. विमानाने जाणाऱ्यांनी सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक सामानात न टाकता हातातल्या बॅगेतच न्यायच्या असतात. तो तर नियमच आहे.

पोहोचल्यावर घाई नडते. विदर्भातून कोकणात किंवा गोव्यात जून महिन्यात उतरणाऱ्या बिऱ्हाडाला एक नवा पाहुणा भेटतो, तो म्हणजे दमट हवा. वातानुकूलित खोलीतून किंवा गार रात्रीतून आलेल्या यंत्रावर दमट हवेतली वाफ दवासारखी बसते. उलट उन्हात तापून आलेल्या यंत्राला निवायला वेळ हवा असतो. दोन्ही वेळा उपाय एकच : खोके सावलीत, न उघडता, चार-सहा तास ठेवावे, आणि मग उघडून यंत्र चालू करावे. सामन्याचा अर्धा डाव चुकला तरी चालेल. सिलिका जेलची पुडी खोक्यात असली तर बरी, पण ती खूप तापली की शोषलेला ओलावा परत सोडू लागते. तेव्हा तिच्यावर सगळा भार टाकू नये.

बँकेतल्या माणसाने लिहिलेल्या लेखात कागदाचा विषय येणारच. विमा उतरवला आहे, म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ असतात. आपल्याकडच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात, वस्तूच्या स्वतःच्या गुणधर्मामुळे होणारे नुकसान आणि नेहमीची झीज यांची जबाबदारी विमा कंपनीवर नसते, अशी तरतूद आहे, आणि रस्त्यावरच्या मालवाहतुकीचे विमेही त्याच परंपरेतले असतात. बाहेरून ओरखडा नाही, खोके शाबूत, पण आतले यंत्र चालत नाही, अशा नुकसानीला बऱ्याच पॉलिसींत वेगळे कलम लावून वगळलेले असते. उन्हाने बिघडलेले यंत्र नेमके असेच दिसते. म्हणून पॉलिसीतले वगळण्यांचे पान आधी वाचावे, विक्रेत्याचे हास्य नंतर पाहावे. तसेच १८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्याखाली वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित असते. मालाची किंमत आधी जास्त जाहीर केली असेल, तरच ती वाढते. तक्रारीची लेखी नोटीस माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. तेव्हा यंत्रांची यादी करावी, त्यांचे क्रमांक लिहावेत, ती चालू असतानाचा फोटो काढावा, आणि बिल्टीवर ‘घरसामान’ असा एकच शब्द लिहून घेण्यावर समाधान मानू नये.

पण खरे सांगायचे, तर विम्याने भरून येते ते नुकसान मी नुकसान मानत नाही. टीव्ही नवा येतो. लॅपटॉप नवा येतो, आणि तो जुन्यापेक्षा चांगलाच असतो. जे परत येत नाही, ते त्याच्या आत असते.

माझ्या एका सहकाऱ्याची पुण्याहून अकोल्याला बदली झाली, ते साल १९९४. त्याचे वडील कीर्तनकार होते, वारून तीन वर्षे झाली होती. त्यांच्या कीर्तनाच्या चार कॅसेटी घरात होत्या, आणि त्यांच्याशिवाय वडिलांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. सामानात हरवू नयेत म्हणून त्याने त्या ड्रायव्हरच्या हाती दिल्या आणि ‘जपून न्या’ म्हणून सांगितले. ड्रायव्हर भला माणूस. सारखी नजर राहावी म्हणून त्याने त्या काचेच्या आत, स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवल्या. मे महिन्याच्या दुपारी ट्रकच्या पुढच्या काचेमागे काय भट्टी पेटते, हे त्याला माहीत होते. पण कॅसेटला ते कळते, हे माहीत नव्हते. अकोल्याला पोहोचेपर्यंत चारही कॅसेटींची कवचे वाकून होडीसारखी झाली होती.

तिथल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने त्या हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाला, ‘डबा गेलाय, फीत नाही गेली.’ कॅसेटचे कवच स्वस्त प्लॅस्टिकचे असते, ते आधी वाकते. आतली फीत पॉलिएस्टरची, ती अधिक सोसते. तीन कॅसेटींचे स्क्रू काढून त्याने फिती नव्या कवचांत बसवल्या. चौथीला स्क्रू नव्हते, चिकटवलेली होती. ती ब्लेडने कडेकडेने कापून उघडायला त्याला एक दुपार लागली. त्या चौथीची फीत एका जागी कडेला मुरडली होती. ती वाजवली की आख्यान ऐन रंगात आलेले असताना आवाज पाण्याखाली गेल्यासारखा होतो आणि पाच-सात सेकंदांनी वर येतो. सहकाऱ्याच्या आईने त्यानंतर बारा-पंधरा वर्षे ती कॅसेट ऐकली. तिथे आली की ती हातातले काम थांबवून बसायची आणि आवाज वर आला की पुन्हा कामाला लागायची.

आज तो आवाज कॅसेटीत नसतो, फोनमध्ये असतो. म्हणून तो अधिक सुरक्षित झाला असे नाही. उलट हजारो फोटो, पत्रे, हिशेब, नातवाचा पहिला बोल, सगळे नखाएवढ्या चकतीत आले, आणि सगळे एकदमच जाण्याची सोय झाली. बँकेत आम्ही दिवसअखेर हिशेबाची एक प्रत शाखेत आणि एक शाखेबाहेर ठेवत असू. आग लागली, पूर आला, तरी दोन्ही जागा एकाच वेळी जाणार नाहीत, हा त्यामागचा साधा विचार. घर हलवतानाही खोकी बांधण्यापूर्वीचे पहिले काम हेच. सगळ्याच्या दोन प्रती कराव्यात. एक आपल्याबरोबर, एक ट्रकमध्ये नव्हे तर न हलणाऱ्या कुणाकडे, भावाकडे, मुलीकडे. जुन्या कॅसेटी, व्हिडिओच्या फिती असतील तर घर हलवण्याच्या आधी त्यांची नक्कल करून घ्यावी. ‘नव्या घरी निवांत करू’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये. ग्रामोफोनच्या तबकड्या उभ्या न्याव्यात, आणि त्यांची जागाही माजघरातच.

एवढे सगळे सांगून झाल्यावर एक गोष्ट मनात राहते. आपण टीव्हीच्या माहितीपत्रकात पाहतो की याला किती अंश चालतात. त्याच ट्रकच्या पुढच्या भागात बसलेल्या माणसाचे माहितीपत्रक कुणी छापलेले नाही. इंजिन खाली, पत्रा वर, समोर काच आणि चौदा-चौदा तास चाक हातात. ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलेच पाहिजे, असा नियम आपल्याकडे नव्या मध्यम आणि जड ट्रकांना २०२५ पासून लागू झाला. बँकेतल्या संगणकाला काचेची खोली मिळाल्यानंतर चाळीस वर्षांनी. रस्त्यावरचे जुने ट्रक अजून तसेच आहेत. आणि तिसऱ्या मजल्यावरून फ्रिज पाठीवर घेऊन उतरणाऱ्या हमालाला तर कोणताच नियम लागू नाही.

म्हणून पुढच्या मे महिन्यात ज्यांचे बिऱ्हाड हलणार असेल, त्यांनी ट्रक पहाटे भरायला आणि संध्याकाळी निघायला सांगावा. यंत्रांसाठी ते बरे आहेच. पण दुपारी बारा ते चार गाडी झाडाखाली उभी करून ड्रायव्हरला आणि क्लीनरला चार तास डोळा लावू द्यायची अट बोलणी करतानाच घालावी, आणि त्यापायी एक दिवस जास्त लागला तर भाड्यात घासाघीस करू नये. हमाल आले की आधी माठ बाहेर काढावा. तो शेवटी बांधायची वस्तू आहे. आपले सामान ज्याच्या हाताने जाणार, तो उन्हाने पेंगुळलेला नसेल, तर निम्मी खोकी तशीच सुखरूप पोहोचतात.